कोणाचा खेळ बघायचा, विचारलंत म्हणून सांगते

गाडी सुटायच्या आधीच बाबा निघून गेले. कर्जतला लांबच्या गाड्या थांबतात त्या आपल्यासाठी नाही, घाट चढायला मागून जादा इंजिन जोडायचं असतं म्हणून. ते इंजिन येऊन जोडलं, डबा हलला, मी खिडकीला गाल लावून बघते तर बाबा पुलाच्या पायऱ्या चढत होते, पाठमोरे. आई एकटीच उभी होती, पदराचं टोक तोंडात धरून. मी बंगळूरला जात होते, आमच्या घरातलं पहिलं माणूस घाटाच्या वर राहायला चाललं होतं, आणि बाबा मला एवढंच म्हणाले होते, "शेठची गाडी खालापूरच्या टोलला आली असंल, बाय. मी निघतो."

शनिवार होता. शनिवारी शेठच्या बंगल्यावर पाहुणे येतात. फाटक उघडायला माणूस नको का?

हे सगळं आज लिहायचं कारण दिगू. दिगू माझा चुलतभाऊ, पळसदरीलाच असतो, गावाच्या ग्रुपचा ॲडमिन आहे. मंडळाच्या व्यायामशाळेत कुणा पुढाऱ्यानं पूलचं, म्हणजे त्या बिलियर्ड्ससारख्या खेळाचं, टेबल आणून ठेवलंय म्हणे. टेबलाचा फोटो टाकला, पुढाऱ्याचा हार घातलेला फोटो टाकला, आणि खाली मला लिहिलं, "ताई, तू तर यातली मोठी कोच. चार चांगले प्लेअर सांग, पोरांना मोबाईलवर बघून शिकायला." त्याखाली तुम्हा सगळ्यांचे अंगठे. वाचून माझं डोकं असं फिरलं की मी इथल्या पूल क्लबातल्या पोरीला सांगून बाहेर जिन्यात जाऊन बसले. याच ग्रुपातल्या किती जणांनी माझ्या आईला पाण्याच्या टाकीवर अडवून विचारलं होतं, तुझी पोरगी बंगल्यावर पावण्यांबरोबर काठी घेऊन खेळती ते खरं हाय का गं? तेव्हा ती काठी होती. आता तिला क्यू म्हणतात, आणि मी ताई झाले.

तरी सांगते. विचारलंत ना, मग सगळं ऐका. नुसती नावं मागून मिळायची नाहीत, आणि खरी नावं मी घेणारही नाही. आम्ही त्यांना जी नावं ठेवली होती तीच घेईन.

धरणाच्या अलीकडचा शेठचा बंगला तुम्हाला माहीत आहे. बंगला ज्या जमिनीवर आहे ती माझ्या आजोबांची, हेही माहीत आहे, पण ते कुणी बोलत नाही. आजोबांनी विकली, शेठनं घेतली, आणि माझे बाबा त्याच जमिनीवर राखणदार म्हणून लागले. जिथं आमचं भाताचं खाचर होतं तिथं भराव टाकून शेठनं व्हरांडा बांधला, आणि व्हरांड्यात मुंबईहून पूलचं टेबल आणून ठेवलं. मागच्या बाजूला एक खोली आणि मोरी, ती आमची. म्हणजे आमची नाही, राहायला दिलेली. मी तिथंच लहानाची मोठी झाले. कॉलेजात फॉर्मवर पत्ता लिहिताना शेठच्या बंगल्याचं नाव लिहायचे आणि वर्गातल्या पोरी म्हणायच्या, अय्या, तुमचा बंगला आहे?

सोमवार ते शुक्रवार बंगल्यावर चिटपाखरू नसायचं. बाबा रोज सकाळी टेबलावरचं कापड काढायचे, ब्रशनं हिरवी बनात साफ करायचे, एकाच दिशेनं, मग पुन्हा कापड घालायचे. स्वतः कधी एक बॉल ढकलून पाहिला नाही त्यांनी. मी मात्र कॉलेजातून आले की कापड वर करून खेळायची. पहिल्यांदा त्यांनी पाहिलं तेव्हा मला वाटलं मार बसणार. पण ते पायरीवर बसून बघत राहिले आणि म्हणाले, फाटायला नको गं बनात, एवढं बघ.

शेठचं वायफाय आमच्या खोलीत यायचं नाही, पण मागच्या धुण्याच्या दगडापर्यंत यायचं. संध्याकाळी मी त्या दगडावर बसून मोबाईलवर पूलच्या मॅचेस लावायची. आई भाकऱ्या थापत असायची आणि बाबा हातपाय धुऊन माझ्या शेजारी उकिडवे बसायचे. बाबांना इंग्रजी येत नाही, कॉमेंट्री काय चाललीय ते कळायचं नाही, म्हणून त्यांनी सगळ्यांना आपली नावं ठेवली. तैवानची एक वेणीवाली, ती 'लावणीवाली'. कारण ती टेबलावर वाकायची ती कमरेतून, पाठ सरळ ठेवून, भात लावणारी बाई वाकते तशी. पोलंडचा एक पोट सुटलेला, तो 'पाटील'. आणि अमेरिकेचा पिकल्या मिशांचा एक म्हातारा, त्याला बाबा 'कपटी' म्हणायचे.

दिगू, लिहून घे. पहिली लावणीवाली. तिचा खेळ बघायचा तो हातासाठी नाही, डोक्यासाठी. बॉल मारून झाल्यावरसुद्धा तिचं डोकं हलत नाही. बॉल टेबलाच्या खिशात पडेपर्यंत ती तशीच वाकलेली. आपली पोरं काय करतात? मारलं की लगेच उभी राहतात, गेला का, गेला का. अर्धे फटके त्या घाईनं चुकतात. मी महिनोन् महिने रिकाम्या टेबलावर नुसती वाकून, मारून, तशीच थांबून राहायची. बाबा पायरीवरून म्हणायचे, "अजून उठू नको, बाय. ती बघ कशी ऱ्हाती." माझा पहिला कोच कोण असं मला मुलाखतीत विचारतात. मी काय सांगू?

पाटलाचा खेळ बघायचा तो ब्रेकसाठी. सुरुवातीला बॉलचा जो ढीग फोडतात तो. सगळे जीव खाऊन मारतात, पाटील बेतानं मारायचा आणि पांढरा बॉल टेबलाच्या मध्यावर आणून उभा करायचा. अंगात ताकद असून ती सगळी न लावणं, हे शिकायला मला फार वेळ लागला. अजूनही राग आला की माझा ब्रेक बिघडतो.

आणि कपटी. त्याच्याकडं तुम्ही सगळ्यात जास्त बघा, जरी तो तुम्हाला आवडला नाही तरी. बॉल घालता येण्यासारखा नसेल तर तो घालायचाच नाही. पांढरा बॉल हळूच दुसऱ्या बॉलच्या मागं नेऊन लपवायचा, की समोरच्याला काही दिसूच नये. याला सेफ्टी म्हणतात. बाबांना तो अजिबात आवडायचा नाही. लपवाछपवी करतो मेला, असं म्हणायचे. मला तेव्हा हसू यायचं. आता हसू येत नाही, कारण बाबांइतकी सेफ्टी खेळणारा माणूस मी कुठल्याच मॅचमध्ये पाहिला नाही. जन्मभर त्यांनी समोरच्याला काही दिसू दिलं नाही.

आता त्या टेबलाचं ऐका. भरावाची जमीन, एका पावसाळ्यात व्हरांड्याचा धरणाकडचा कोपरा जरासा खाली बसला. डोळ्यांना कळायचं नाही. पण हळू मारलेला बॉल शेवटी शेवटी धरणाकडं ओढला जायचा. पाहुणे चुकायचे आणि क्यूला शिव्या द्यायचे, बिअरला दोष द्यायचे. मला आणि बाबांना ठाऊक होतं. मी बाबांना म्हटलं, एक पाय उचलून खाली फरशीचा पातळ तुकडा सरकवू, झालं. बाबा नाही म्हणाले. मी म्हटलं, मीच सरकवते. तर बाबांनी माझा हात धरला.

"मालकाची वस्तू हाय. जशी हाय तशी ऱ्हाऊ दे."

एक फरशीचा तुकडा! रोज त्या टेबलाची अंघोळ घातल्यासारखी सेवा करायची, पण त्याचा पाय सरळ करायचा नाही, कारण मग शेठ विचारणार, हात कुणी लावला. आणि वाकडं झालंय हे सांगायचंही नाही, कारण मग शेठ विचारणार, तू असताना वाकडं कसं झालं. माझा जीव नुसता तडफडायचा. मग मी काय केलं, मोबाईलवर बघून जो कोन शिकायची त्यात धरणाची ओढ मिसळून मारायची. लावणीवाली जिथं मारते त्याच्या बोटभर धरणाच्या उलट बाजूला मी मारायची, आणि बॉल बरोबर पडायचा. मला वाटायचं मी तिच्यासारखी खेळते. गाढव होते मी.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी एका रविवारी शेठच्या पाहुण्यांत एक जण होता, मुंबईत म्हणे क्लबात खेळणारा. शेठनं गंमत म्हणून मला बोलावलं, आमच्या वॉचमनची पोरगी पण खेळते. मी ओढणी कमरेला बांधून उभी राहिले. पहिला डाव मी जिंकले. दुसरा डाव जिंकत आले होते. पाहुण्याचा चेहरा लाल झालेला, त्याच्या बायकोनं त्याच्या पाठीवर हात ठेवलेला, आणि बाबा बर्फाचं भांडं घेऊन माझ्या मागून गेले. जाता जाता, ओठ न हलवता म्हणाले,

"हर गं बाय. पावणा हाय."

मी हरले. खिशाच्या तोंडावरचा बॉल मी चुकवला. पाहुण्यानं टाळ्या घेतल्या, शेठनं मला शाबास म्हटलं आणि आईकडं उरलेली बिर्याणी पाठवून दिली. मी ती खाल्ली नाही. बाबांनी खाल्ली, गुपचूप, माझ्याकडं न बघता. त्या दिवशी मी ठरवलं की या खोलीतून जायचं. शिकायला नाही, कमवायला नाही, नुसतं जायचं.

जायची वाटही त्याच दिवसानं दाखवली. पाहुण्यांत बंगळूरची एक बाई होती, तिचा तिकडे स्वतःचा पूल क्लब. बाकीचे जेवायला गेल्यावर ती माझ्याजवळ आली आणि हिंदीत म्हणाली की तू मुद्दाम चुकलीस, मी पाहिलंय. तिनं नंबर दिला आणि म्हणाली, मुद्दाम हरायचं नसेल तेव्हा फोन कर. परीक्षा झाली आणि मी केला. आईनं चार दिवस तोंड फिरवलं. बाबांनी फक्त विचारलं, शेठला काय सांगू? मुलीला काय सांगू, हे त्यांना सुचलंच नाही.

बंगळूरच्या क्लबात पहिल्या दिवशी मॅडमनं, म्हणजे त्या नंबर देणाऱ्या बाईनं, मला टेबलापाशी उभं केलं. चकाचक टेबल, वर दिवे, एसी. मी लावणीवालीचं नाव घेऊन वाकले आणि मारत सुटले. जोरात मारलेले पडले. हळू मारलेला एकही पडला नाही. सगळे बोटभर बाजूला. क्लबातली पोरं आधी गप्प होती, मग फिदीफिदी हसायला लागली. मॅडमनं हात वर करून त्यांना थांबवलं आणि मला विचारलं, कुठल्या वाकड्या टेबलावर शिकलीस तू? मला रडू फुटलं, पण ते लाजेचं नव्हतं, रागाचं होतं. एका फरशीच्या तुकड्यापायी माझा हात, माझा डोळा, सगळं धरणाच्या हिशोबानं कललेलं होतं. जगातल्या उत्तम माणसांकडून शिकले आणि शेठच्या टेबलानं ते सगळं वाकडं करून ठेवलं. हात सरळ करायला मला वर्ष लागलं. त्या वर्षात मी बाबांशी फोनवर जेवलात का यापलीकडं बोलले नाही.

इथं लोक बोलता बोलता म्हणतात, स्वल्प ॲडजस्ट माडी. म्हणजे जरा सांभाळून घ्या. बसमध्ये, हॉस्टेलात, रांगेत, सगळीकडं. वाईट अर्थानं नाही म्हणत, पण मला सुरुवातीला ते ऐकलं की अंगाची लाही व्हायची. सांभाळून घेण्यातच आमच्या घराचं वाटोळं झालंय, अजून किती घेऊ? आता मीही म्हणते. रिक्षावाल्याशी कन्नडमध्ये भांडतेसुद्धा. नाश्त्याला ताटलीएवढी तट्टे इडली लागते, आणि स्वप्नात कुणी बोललं तर हिंदीत बोलतं.

नेरळची नसरीन, माझ्याबरोबर कॉलेजात होती, आता नवऱ्याबरोबर कुवेतला असते. ती फोनवर म्हणते, घरी गेल्यावर हे करीन, घरी गेल्यावर ते खाईन. घरी म्हणजे नेरळला, तिच्या अब्बांच्या दुकानामागच्या दोन खोल्यांत. मला तिचा हेवा वाटायचा. तुम्हीही, जे बाहेर गेलात ते, दिवाळीला घरी जातो म्हणता. मी कुठं जायचं होतं? सुट्टीला गेले की शेठचं फाटक, शेठचा कुत्रा, आणि पाहुणे आले असले तर बाबा सांगायचे की मागच्या बाजूनं ये.

दिगू, अजून एक सांगते, हे कुठल्या व्हिडिओत कुणी सांगणार नाही. खेळणाऱ्याकडं सगळेच बघतात. तुम्ही बसलेल्याकडं बघा. एक जण खेळत असतो तेव्हा दुसरा खुर्चीत बसलेला असतो, त्याला काही करता येत नाही, समोरचा चुकेपर्यंत नुसतं बसायचं. लावणीवाली बसते ती टेकून, मान वर, पाण्याचा एक घोट घेऊन. हरत असली तरी तशीच. कपटी तर पाय पसरून बसतो, जणू टेबल त्याच्या बापाचं. खुर्चीत नीट बसायला मला खेळण्यापेक्षा जास्त वेळ लागला. मी खुर्चीच्या कडेला बसायची, कुणी हाक मारली तर पटकन उठता यावं अशी. मॅडम ओरडायची, पाठ टेक. माझ्या बापाला मी शेठच्या खुर्चीत बसलेलं कधी पाहिलं नाही, तर मला कुठून येणार?

मग मी जिंकायला लागले. मोठ्या नाहीत, पण बऱ्या स्पर्धा. मुलींना शिकवायला लागले. प्रत्येक स्पर्धेला बाबांना म्हणायची, या, तिकीट काढते. प्रत्येक वेळी शनिवार असायचा. बक्षिसांतून आणि पगारातून मी शेलूला स्टेशनजवळच्या नव्या बिल्डिंगमध्ये एक छोटं घर घेतलं, आईबाबांसाठी. बाबांनी येऊन पाहिलं, नळ सोडून पाहिला, बरं हाय म्हणाले आणि परत बंगल्यावर गेले. घर कुलूप लावून पडून राहिलं. आईची पिशवी भरून तयार, पण बाबा हलेनात. म्हणायचे, शेठला दुसरा माणूस मिळंपर्यंत थांबू. शेठ कशाला दुसरा शोधतोय? मला त्या घराचा एवढा एकच हट्ट होता, की माझा बाप शेठच्या फाटकातून बाहेर पडावा आणि परत आत जाऊ नये.

गेल्या दिवाळीनंतर मी आले होते. शेठला कळलं. बंगल्यावर पाहुणे होते, शेठनं हाताला धरूनच नेलं मला व्हरांड्यात. ही आमची पोरगी, माझ्या टेबलावर शिकली, आता बंगळूरची चॅम्पियन. माझ्या टेबलावर! एका पाहुण्यानं क्यू उचलला. शेठ म्हणाला, होऊन जाऊ दे. बाबा ट्रे घेऊन दाराशी उभे होते. आमची नजरानजर झाली आणि मला त्यांच्या तोंडावर ते 'हर गं बाय' दिसलं, न बोलता. या वेळी मी नजर काढून घेतली.

मी त्या माणसाला एकही संधी दिली नाही. कुठं वाकडं आहे ते मला पाठ होतं, आणि सरळ कसं मारायचं तेही आता येत होतं. तो बिचारा हळू मारायचा आणि बॉल धरणाकडं जायचा. शेवटी तो वैतागून म्हणाला, टेबलमध्येच काहीतरी आहे. शेठ हसला, म्हणाला, हरला की सगळे हेच म्हणतात, टेबल एकदम फर्स्ट क्लास आहे. आणि दाराकडं वळून बाबांना विचारलं, काय रे, तू रोज साफ करतोस, टेबल बरोबर आहे ना?

बाबा म्हणाले, सरळ हाय शेठ.

माझ्या तोंडून निघून गेलं, मी थांबवलंही नाही. मी म्हटलं, वाकडं आहे. मी कॉलेजात होते तेव्हापासून वाकडं आहे. आणि पांढरा बॉल उचलून टेबलाच्या मधोमध ठेवला, हात काढून घेतला. सगळे बघत होते. बॉल थोडा वेळ तसाच राहिला, मग निघाला, अगदी सावकाश, धरणाच्या कोपऱ्याकडं. शेठनं बाबांकडं पाहिलं.

"वारा हाय, शेठ," बाबा म्हणाले.

एक क्षण कुणाला कळलंच नाही. मग एका बाईनं दुसऱ्याला हिंदीत सांगितलं, हवा है बोलता है, आणि सगळा व्हरांडा हसायला लागला. शेठला हसून हसून ठसका लागला. पूलचा बॉल वाऱ्यानं हलतो. झाडाचं पान हलत नव्हतं त्या दुपारी. बाबाही हसले, ते हसतात म्हणून. मला तो ट्रे घेऊन कुणाच्यातरी डोक्यात घालावासा वाटला, आणि कुणाच्या ते मला आजही ठरवता येत नाही.

मी पुढच्याच गाडीनं निघून आले. पण ते तिथं संपलं नाही. शेठनं बाबांचं नाव 'हवा' ठेवलं. हवा, बर्फ ला. हवा, गाडी पुस. पाहुणे बदलायचे, पण शेठ प्रत्येकाला नव्यानं गोष्ट सांगायचा, बॉल ठेवून दाखवायचा आणि बाबांना बोलवायचा, सांग रे, का हलला? आणि बाबा सांगायचे. आई मला फोनवर हे सांगताना रडायची. मी म्हणायची, मग निघा तिथून, शेलूचं घर आहे. आई म्हणायची, ते ऐकत नाहीत गं. मी बाबांना फोन केला तर ते घेत नव्हते. वाकडं आहे हे मी बोलले, तो त्यांच्या लेखी माझा गुन्हा. हवा म्हणणाऱ्या शेठचा काहीच गुन्हा नाही.

होळीच्या सुमारास एका शनिवारी शेठच्या छोट्या नातवानं फाटकातून आत येता येता हाक मारली, ए हवा. पोरगं ते, त्याला वाटलं हेच नाव. बाबांनी त्याच्या हातातली बॅग घेतली, आत नेऊन ठेवली, किल्ल्यांचा जुडगा त्या वाकड्या टेबलावर ठेवला आणि आईला म्हणाले, पिशवी घे. पाहुण्यांच्या गाड्या फाटकातून आत येत होत्या आणि माझे आईबाप त्याच फाटकातून बाहेर पडत होते. आईनं शेलूच्या स्टेशनवरून फोन केला तेव्हा मी क्लबात एका मुलीला ब्रेक शिकवत होते. त्या दिवशी माझा ब्रेक फार सुंदर लागला.

तुम्हाला वाटेल, झालं, सगळं गोड झालं. काही गोड झालेलं नाही. बाबा शेलूच्या घरात बसतात आणि माझ्यावर भडकतात. रोज. बंगल्याच्या मागच्या खोलीत आम्ही जन्मभर कुजबुजत बोललो, पाहुण्यांना आवाज जायला नको म्हणून. मी माझ्या बापाचा मोठा आवाज कधी ऐकलाच नव्हता. आता ऐकते. तिसऱ्या मजल्यावर कोंबड्या ठेवता येत नाहीत, तुझ्यामुळं. नळाला क्लोरीनचा वास येतो, तुझ्यामुळं. बसून बसून गुडघे धरले, तुझ्यामुळं. मीही गप्प बसत नाही. क्लबाच्या जिन्यात उभी राहून मी मराठीत भांडते आणि बंगळूरचे लोक बाजूनं निघून जातात.

परवा फोनवर ते म्हणाले, तुला काय गरज व्हती त्ये समद्यांपुढं बोलायची? मी म्हटलं, आणि तुम्ही वारा का म्हणालात? एवढा मोठा माणूस, इतक्या मॅचेस माझ्याबरोबर पाहिल्यात, बॉल का हलतो ते तुम्हाला त्या शेठपेक्षा जास्त कळतं, आणि वारा? मला वाटलं फोन ठेवतील.

"मग काय म्हणू?" बाबा म्हणाले. "खोलीचं दार त्येचं व्हतं, बाय."

इतकी वर्षं मी त्यांच्यावर चिडले होते ते त्यांना काही दिसत नाही, कळत नाही म्हणून. त्यांना सगळं दिसत होतं, आणि संध्याकाळी आम्ही तिघं कुठं झोपणार तेही दिसत होतं. माझा राग गेला असं नाही. राग तसाच आहे. फक्त तो आता दुसऱ्या माणसावर आहे.

मी म्हटलं, बाबा, आता दार आपलं आहे. आता बोला काय म्हणायचं ते.

बाबा एकदम सुरू झाले. शेठचं नाव घेऊन. आजोबांच्या खाचरापासून सुरुवात केली, भरावापर्यंत आले, माझ्या त्या हरलेल्या डावापर्यंत आले, बिर्याणीपर्यंत आले, आणि अशा एकेक शिव्या दिल्या की मला त्यातल्या काही माहीतही नव्हत्या. मी फोन कानापासून लांब धरला तरी ऐकू येत होतं. आई मागून म्हणत होती, हळू बोला, हळू बोला. मग तीही म्हणायची थांबली.

घर म्हणजे काय, ते मला आता एवढंच कळतं. दिगू, खालच्या मजल्यावरची माणसं वर येऊन दार वाजवायला लागली, तरी माझे बाबा ओरडतच होते.